व्यावसायिक कॉफी मशीन बसवायचंय? मशीन सगळ्यात शेवटी येऊ द्या

कॅफे काढायचं ठरलं की बहुतेकांचं डोकं मशीनच्या निवडीत अडकतं. दोन ग्रुपचं घ्यावं की तीन (ग्रुप म्हणजे मशीनचं ते डोकं, ज्यातून कॉफी उतरते), रंग कोणता, स्टीमचा दांडा किती लांब. मशीन दारात येतं त्या दिवशी मात्र तंत्रज्ञ पेटीकडे बघतही नाही, आधी तो काउंटरखाली वाकतो. तिथे योग्य दाबाचं पाणी, उतार असलेली ड्रेनेज लाइन आणि पुरेशा क्षमतेची वीज असेल तर काही तासांत पहिली कॉफी निघते. नसेल तर मशीन पेटीतच राहतं आणि नुकताच बसवलेला काउंटर कापायला सुतार शोधावा लागतो. म्हणून या लेखात मशीनपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींबद्दलच जास्त लिहिलंय.

इथे गृहीत धरलंय ते पाण्याच्या लाइनला थेट जोडायचं एस्प्रेसो मशीन. बटण दाबलं की दळण्यापासून दुधापर्यंत सगळं स्वतः करणारं पूर्ण स्वयंचलित मशीन घेणार असाल, तरी पाणी, निचरा आणि वीज यांचे नियम जवळपास हेच राहतात.

पायरी १: मॉडेल ठरवा आणि त्याचा कागद मिळवा

किती ग्रुपचं मशीन हवं, हे दिवसभरातल्या कपांवरून ठरवू नका. सर्वात गर्दीच्या तासाला किती कप जातील ते बघा. एस्प्रेसो उतरायला २५ ते ३० सेकंद लागतात, पण दळणं, पूड दाबणं, दूध तापवणं, दांडा पुसणं हे सगळं धरलं तर दुधाच्या एका कॉफीमागे मिनिटभर तरी सहज जातो. एकट्या माणसाच्या हातात दोनच्या पुढचा ग्रुप फारसा कामाला येत नाही. तीन ग्रुपचं मशीन तेव्हाच घ्या, जेव्हा त्याच्यामागे दोन माणसं उभी राहणार आहेत आणि त्यांना उभं राहायला जागाही आहे. रिकामा तिसरा ग्रुप वीज खातो आणि काउंटर अडवतो.

मॉडेल ठरलं की विक्रेत्याकडून इन्स्टॉलेशन शीट मागून घ्या. माहितीपत्रक नको, त्यात फोटोच जास्त असतात. शीटवर लांबी-रुंदी-उंची, वजन, किलोवॉट, व्होल्टेज, फेज, पाण्याचा किमान आणि कमाल दाब, पाण्याच्या जोडणीचा आटा, ड्रेनच्या नळीचा व्यास आणि काउंटरला भोक कुठे पाडायचं याचा नकाशा असतो. एकच मॉडेल वेगवेगळ्या वॉटचं आणि वेगवेगळ्या फेजचं मिळू शकतं. म्हणून 'याच कंपनीचं दुसरीकडे पाहिलंय' या भरवशावर वायर ओढू नका. तुमच्या ऑर्डरवर जो कोड आहे, त्याचीच शीट हवी. ती हातात येईपर्यंत इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि सुतार या तिघांनाही थांबवा.

आणखी एक गोष्ट याच वेळी लिहून घ्या: कोण काय करणार. मशीनचा तंत्रज्ञ सहसा भिंतीतली वायर ओढत नाही आणि ड्रेनेजही काढत नाही. तो तयार जागेवर येऊन जोडण्या करतो आणि मशीन चालू करून देतो. 'आम्ही बसवून देऊ' या वाक्यात नेमकं काय येतं, ते पैसे देण्याआधीच विचारलेलं बरं.

पायरी २: पाणी तपासा

मशीनच्या बिघाडांचं सर्वात मोठं आणि सर्वात टाळता येण्यासारखं कारण म्हणजे पाणी. कपातही नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तरीही बजेटमध्ये फिल्टरचा नंबर शेवटचा लागतो.

जड पाणी तापलं की त्यातले क्षार बॉयलरच्या आत, हीटरच्या एलिमेंटवर आणि बारीक नळ्यांमध्ये थर धरतात. एलिमेंटवरच्या थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, एलिमेंट जास्त तापतं आणि लवकर जातं. ग्रुपकडे जाणाऱ्या वाटेवर जी अगदी बारीक छिद्रं असतात ती अर्धवट बुजली की एका ग्रुपची कॉफी वेळेत उतरते आणि शेजारच्याची रेंगाळते. बरिस्ता, म्हणजे कॉफी करणारा, दळण बदलत बसतो, दोष मात्र नळीत असतो. क्षारांमुळे झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

तपासणीसाठी लोक टीडीएस मीटर आणतात. ते बुडवा जरूर, पण एवढ्यावर निर्णय घेऊ नका. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या घटकांचा एक ढोबळ आकडा सांगतं. ते घटक कॅल्शियमचे आहेत की साध्या मिठाचे, हे त्याला कळत नाही. तुम्हाला दोन वेगळे आकडे हवेत: जडपणा आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता). दोन्हींसाठी थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचे किट मिळतात, घरबसल्या वापरता येतात. पाणी बोअरचं, विहिरीचं किंवा टँकरचं असेल तर प्रयोगशाळेतून क्लोराइडही तपासून घ्या. क्लोराइड जास्त असेल तर स्टेनलेस स्टीलचे बॉयलरसुद्धा आतून खड्डे पडून गळू लागतात.

स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार कॉफीसाठी जडपणा लिटरला ५० ते १७५ मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी ४० ते ७५ मिलिग्रॅम असावी, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. पीएच ६ ते ८. क्लोरीनचा वास अजिबात नको. मशीनच्या तब्येतीसाठी जडपणा या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे असलेला चांगला. तुमच्या मशीनच्या शीटवर वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा.

आता उपाय. पाणी थोडंफारच जड असेल तर कार्बन आणि आयन बदलणारी राळ एकत्र असलेलं कार्ट्रिज पुरतं. त्याच्या डोक्यावर बायपासची चकती असते. किती पाणी राळेतून जाईल आणि किती नुसतंच गाळून पुढे जाईल, हे तिने ठरतं. ती तुमच्या पाण्याच्या आकड्यानुसार लावायची असते, पेटीतून आली तशी ठेवायची नसते. मिठावर चालणारा सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. थर बसणं थांबतं, पण अल्कलिनिटी आणि क्लोराइड जसेच्या तसे राहतात. अल्कलिनिटी जास्त असली की कॉफीतला आंबट-फळकट उठाव मारला जातो आणि चव सपाट लागते.

पाणी फारच खारं असेल तर आरओला पर्याय नाही. पण आरओचं निव्वळ पाणी थेट मशीनला देऊ नका. एक तर त्यात कॉफी फिकी उतरते, शिवाय असं पाणी धातूला खातं. तिसरी अडचण फारशी कोणी सांगत नाही: बॉयलरमधली पाण्याची पातळी ओळखणारा प्रोब पाण्याच्या वाहकतेवर चालतो. पाण्यात क्षारच नसतील तर बॉयलर भरलाय हे प्रोबला कळत नाही आणि मशीन पाणी घेतच राहतं. म्हणून आरओनंतर थोडं कच्चं गाळलेलं पाणी मिसळायचं किंवा खनिजं परत घालणारं कार्ट्रिज लावायचं. आरओ पाणी हळूहळू देतो, त्यामुळे साठवणीची टाकी आणि तिच्यापुढे पंप या दोन्हींची जागाही आत्ताच धरा.

कार्ट्रिजचा आकार ठरवताना साधा हिशेब करा. कप, गरम पाणी, ग्रुप धुणं, वाफ हे सगळं मिळून मशीन दिवसाला ४० लिटर पाणी घेतं असं समजा. तुमच्या जडपणाला कार्ट्रिजची क्षमता ३००० लिटर असेल तर ते ७५ दिवस चालेल. जडपणा दुप्पट झाला तर ते जवळपास निम्म्या दिवसांत संपेल. बोअरच्या पाण्याचा आकडा पावसाळ्यात वेगळा आणि कोरड्या दिवसांत वेगळा येतो, म्हणून एकदाच मोजून निर्धास्त राहू नका.

पायरी ३: दाब आणि पाण्याची लाइन

१९६१ साली फाएमा या इटालियन कंपनीच्या ई६१ मशीनने विजेचा पंप आणला. त्याआधी लीव्हर ओढून स्प्रिंगच्या जोरावर दाब दिला जाई. आजची बहुतेक मशीनं पंपानेच साधारण ९ बार दाब देतात. म्हणून अनेकांना वाटतं की लाइनचा दाब कितीही चालेल. तसं नाही. व्यावसायिक मशीनमधल्या रोटरी पंपाला मागून पाणी हवं असतं. कोरडा फिरला तर तो खराब होतो. सर्वसाधारणपणे लाइनमध्ये २ ते ४ बार दाब असावा, नेमका आकडा शीटवर असतो.

छतावरच्या टाकीतून पाणी येत असेल तर हिशेब सोपा आहे: १० मीटर उंचीला साधारण १ बार. म्हणजे डोक्यावर ३ मीटर उंच टाकी असेल तर जेमतेम ०.३ बार. फिल्टरमधून जाताना त्यातलंही कमी होतं. अशा ठिकाणी प्रेशर टँकसह बूस्टर पंप लागतोच. उलट, लाइनला ६ बार किंवा त्याहून जास्त येत असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. दाब मोजताना बाकीचे नळ आणि भांडी धुण्याचं मशीन चालू ठेवून मोजा. सगळं बंद असताना गेज छानच दाखवतो.

मशीनसाठी थंड पाण्याची स्वतंत्र शाखा काढा. काउंटरखाली क्रम असा ठेवा: हाताला सहज येईल असा बॉल व्हॉल्व्ह, गरज असेल तर दाबाचा व्हॉल्व्ह, उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह, फिल्टर, गेज आणि मग विणलेल्या स्टीलच्या नळीने मशीन. फिल्टरनंतर तपासणीसाठी एक छोटा नळ ठेवता आला तर जरूर ठेवा, नमुना घेताना सोय होते. काउंटरखाली फिल्टर बसवताना कार्ट्रिज खाली खेचून काढायला जागा लागते, हे हमखास विसरलं जातं. जागा नसेल तर दर बदलाला पूर्ण जोडणी सोडवावी लागते आणि मग बदल पुढे ढकलला जातो.

पायरी ४: निचरा

मशीनचं सांडपाणी नुसत्या उतारावर वाहतं, त्याला मागून ढकलणारा पंप नसतो. त्यात कॉफीचा गाळ आणि तेलकटपणा असतो. त्यामुळे नळी कुठेही झोळासारखी खाली लोंबून परत वर चढली की त्या खड्ड्यात गाळ बसतो आणि काही आठवड्यांत ट्रे उलटा भरून काउंटरवर येतो. दर मीटरला निदान २ सेमी उतार द्या. मुख्य पाइप ४० मिमीच्या खाली नको. बॉयलर रिकामा करताना उकळत्या पाण्याइतकं गरम पाणी येतं, म्हणून पाइप उष्णता सोसणारी हवी.

मशीनची नळी पाइपमध्ये घट्ट खुपसू नका. उघड्या नरसाळ्यात मोकळी सोडा, मध्ये हवेची फट राहू द्या, म्हणजे गटाराचं पाणी मशीनकडे उलटं येणार नाही. नरसाळ्याखाली ट्रॅप, म्हणजे पाणी अडवून वास रोखणारा वाकडा पाइप हवा, नाहीतर काउंटरला वास येत राहील. दुधाचे जग धुण्याचा फवारा बसवणार असाल तर त्यालाही पाणी आणि निचरा लागतो, तो याच वेळी काढून घ्या.

पायरी ५: वीज

दोन ग्रुपचं मशीन साधारण ३ ते ५ किलोवॉट घेतं, तीन ग्रुपचं त्याहून जास्त. ४ किलोवॉटला २३० व्होल्टवर १७ अँपियरच्या वर करंट लागतो. म्हणजे नेहमीचं १६ अँपियरचं सॉकेट इथे चालणार नाही, एक्स्टेन्शन बोर्डाचा तर प्रश्नच नाही. मशीनला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र सर्किट, योग्य एमसीबी (जास्त करंटला आपोआप तुटणारा स्विच), ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच), पक्कं अर्थिंग आणि काउंटरजवळ फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच हवा. वायरची जाडी लांबीवर आणि लोडवर ठरते, तो निर्णय परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा. थ्री-फेज मॉडेल असेल तर आतली जोडणी तुमच्या पुरवठ्याप्रमाणे बदलली आहे ना, हे तंत्रज्ञाकडून आधी खात्री करून घ्या.

व्होल्टेज पडत असेल तर त्याचाही परिणाम समजून घ्या. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर ४ किलोवॉटचा हीटर जेमतेम ३ किलोवॉटचं काम करतो. गर्दीत वाफ कमी पडते आणि दोष मशीनला दिला जातो. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर असा हीटर चालवण्याचा विचार सोडा, वीज जाणारी जागा असेल तर जनरेटरचा हिशेब मशीनसकट करा. ग्राइंडर, फ्रिज, ब्लेंडर यांचे सॉकेट वेगळ्या सर्किटवर ठेवा.

पायरी ६: काउंटर

दोन ग्रुपचं मशीन ६० ते ९० किलोपर्यंत भरतं, वर बॉयलरमधलं पाणी आणि डोक्यावर रचलेले कप. हा भार चार पायांच्या चार ठिकाणी पडतो, म्हणून त्या जागी काउंटरखाली आधार हवा. पाणसळ लावून बघा: मशीन कललेलं असेल तर ट्रेमधलं पाणी निचऱ्याकडे न जाता कोपऱ्यात साचतं. लाकडी भुशाच्या फळ्या ओलाव्याने फुगतात, काउंटरचा वरचा थर दगड किंवा स्टीलचा असलेला बरा, आणि भोकाची कड नीट सील करा.

मला सर्वात उपयोगी वाटणारी युक्ती अगदी स्वस्त आहे. मशीन, ग्राइंडर, वापरलेल्या कॉफीचा भुसा ठोकायचा डबा, दुधाचे जग धुण्याची जागा यांचे खऱ्या मापाचे पुठ्ठे कापा, काउंटरच्या जागी मांडा आणि हातात काही नसताना दहा कॉफ्या 'करून' बघा. ग्राइंडरकडून ग्रुपकडे, तिथून फ्रिजकडे, मग कप ग्राहकाकडे. पाय किती वळतात ते लगेच कळतं. दुधाचा फ्रिज स्टीमच्या बाजूला काउंटरखाली हवा, आणि नेमकी तीच जागा बऱ्याचदा ड्रेनेजच्या पाइपने आधीच घेतलेली असते. पुठ्ठ्याच्या टप्प्यावर हे भांडण सुटतं. मशीनच्या मागे आणि बाजूंना हवा खेळायला जागा सोडा. वरची फळी इतकी खाली नको की ग्राइंडरचं झाकण उघडून बिया ओतता येणार नाहीत.

पायरी ७: मशीन येतं तो दिवस

आधी दार, जिना आणि लिफ्ट मोजून ठेवा. उचलायला पुरेशी माणसं लागतात, मशीन स्टीमच्या दांड्याला किंवा ग्रुपला धरून उचलायचं नाही. फरशी घासणं, रंग, प्लास्टर हे सगळं संपलेलं हवं, कारण ती धूळ ग्राइंडरमध्ये आणि पंख्यात जाते. नव्या पाइपांमधून आधी भरपूर पाणी सोडा, म्हणजे आतले टेफलॉनचे तुकडे आणि लोखंडाचा चुरा बाहेर येईल. फिल्टरही मशीनला जोडण्याआधी बादलीत धुऊन घ्या.

पुढचा क्रम तंत्रज्ञ करेल, पण तुम्ही शेजारी उभे राहा. आधी बॉयलरमध्ये पाणी, मग हीटर. बॉयलर कोरडा असताना हीटर लागला तर एलिमेंट जळतं. अनेक मशीनांत याच कारणाने स्विचला पाणी भरण्याची आणि तापवण्याची वेगळी घरं असतात. तापताना एका व्हॉल्व्हमधून फुसफुस आवाज येतो, मग तो आपोआप बंद होतो. ती आतली हवा बाहेर जात असते, घाबरू नका. वाफेच्या बॉयलरचा गेज साधारण १ ते १.५ बारवर स्थिरावला की स्टीम आणि गरम पाणी सोडून बघा, सगळे जॉइंट कोरडे आहेत ना हे कागदी रुमाल फिरवून तपासा. नंतर ग्रुपमध्ये आंधळी (बिनछिद्रांची) जाळी लावून पंपाचा दाब ९ बारला आणला जातो. पहिलं भरलेलं पाणी एकदा पूर्ण काढून पुन्हा भरायला सांगा, कारण कारखान्यातलं तेल आणि धातूची चव त्यात असू शकते. बॉयलर हे दाबाखालचं भांडं आहे. काही देशांत त्याची ठरावीक काळाने कायद्याने तपासणी करावी लागते. स्थानिक नियम आणि विम्याची अट तपासून प्रमाणपत्र जपून ठेवा.

तंत्रज्ञ निघण्याआधी तीन गोष्टी त्याच्यासमोर स्वतः करा: ग्रुपचं रोजचं धुणं, गास्केट (ग्रुपमधली गळती रोखणारी रबरी कडी) काढून घालणं आणि पाणी-वीज तातडीने बंद करणं. फिल्टरनंतरच्या पाण्याचा जडपणा मोजून तारखेसह कार्ट्रिजवरच लिहा आणि तोच आकडा पुढे दर महिन्याला परत मोजा. रात्री दुकान बंद करणाऱ्याच्या यादीत एक ओळ जोडा: मशीनचा बॉल व्हॉल्व्ह बंद. नळीचा जॉइंट रात्री सुटला तर सकाळपर्यंत लाइन वाहतच राहते, आणि खालच्या मजल्यावर दुसऱ्याचं दुकान असू शकतं.